मागच्या खोलीला परवानगी लागते का?

आमच्या गल्लीत तिला सगळे टपालताई म्हणतात. चोवीस वर्षं एकाच भागात टपाल वाटल्यावर माणसाला दुसरं नाव कुठून उरणार? कुठल्या घराची घंटा बिघडली आहे, कुठला कुत्रा नुसता भुंकतो आणि कुठला न भुंकताच अंगावर येतो, कोणाच्या पायरीवर पाकीट ठेवलं तर वाऱ्याने उडेल, हे सगळं तिला पाठ. तिची एक सवय मात्र आम्हाला गमतीची वाटायची. पाकिटावरचा पत्ता ती शेवटच्या अक्षरापर्यंत वाचते, ओळखीचं नाव असलं तरी. नोकरीच्या पहिल्याच वर्षी तिने भांडण झालेल्या दोन सख्ख्या भावांची पत्रं उलटसुलट टाकली होती. त्यावरून जे रणकंदन माजलं, त्यानंतर तिने कानाला खडा लावला.

तिचं घर दुमजली, पण लहान. खाली बैठकीची खोली आणि स्वयंपाकघर, वर दोन खोल्या आणि संडास-बाथरूम. घरात ती, बस डेपोत मेकॅनिक असलेला नवरा आणि अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या सासूबाई. सासूबाई टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होत्या. अजूनही कोणी हाक मारली की "ओ" न देता "बोला" म्हणतात.

गेल्या थंडीत त्या जिन्याच्या चौथ्या पायरीवरून घसरल्या. हाड मोडलं नाही, पण गुडघा पिरगळला आणि मनात धास्ती बसली. तेव्हापासून त्या खाली बैठकीच्या खोलीत दिवाणावर झोपू लागल्या. बाथरूमला जायचं म्हणजे सून पुढे, मुलगा मागे आणि मधे कठड्याला धरून सासूबाई, अशी दिवसातून चार वेळा वरात निघायची. मुलगा डेपोत आणि सून टपाल वाटायला गेली की वरात बंद.

एक दिवस जेवताना सून म्हणाली, "आई, तुमचा पाण्याचा तांब्या सकाळी भरला तसाच आहे."

"मी पाणी कमी केलंय," सासूबाई म्हणाल्या. "नाही प्यायलं म्हणजे वर जावं लागत नाही."

त्यांनी हे अगदी साधेपणाने सांगितलं, जणू भाजीत मीठ कमी घालते म्हणावं तसं. टपालताईचा घास हातातच राहिला. ताटावरून उठायच्या आत तिने ठरवलं की स्वयंपाकघराच्या मागे, मोकळ्या जागेत, आईंसाठी खोली आणि बाथरूम बांधायचं.

दुसऱ्या दिवशी मिस्त्री आला. ओळखीचा, कामाला चोख, पण उचलली जीभ लावली टाळ्याला असा. त्याने पावलांनी जागा मोजली आणि विटेच्या तुकड्याने फरशीवर लांबट चौकोन काढला. मागच्या भिंतीपासून चौदा फूट बाहेर, दहा फूट रुंद.

"ही बाजू शेजारच्या मास्तरांच्या कुंपणभिंतीला चिकटवून टाकू," तो म्हणाला. "एक भिंत वाचली तुमची."

"आणि परवानगी?"

"कसली परवानगी? घराच्या मागे आहे. रस्त्यावरून दिसतंय का कोणाला?"

नवऱ्याला तर वेगळंच स्फुरण चढलं होतं. "खोली होतेच आहे, तर वर गच्ची करू. बाहेरून लोखंडी जिना. संध्याकाळी खुर्ची टाकून बसलं की बरं वाटतं."

"कोणाला?" सासूबाईंनी आतून विचारलं.

रात्रीच्या जेवणाआधी दिराचा फोन आला. तो दुसऱ्या शहरात राहतो आणि सगळ्या विषयांत त्याला गती आहे. "वहिनी, खिळा ठोकायलासुद्धा परवानगी लागते. आर्किटेक्ट लागेल, नकाशे लागतील, सह्या, शिक्के. आठ महिने धरून चाला."

एक म्हणे काहीच लागत नाही, दुसरा म्हणे सगळंच लागतं. दोघांच्या आवाजात सारखीच खात्री, आणि दोघांनीही एकही कागद वाचलेला नाही हे तिला त्या खात्रीवरूनच कळलं.

मिस्त्रीचं ऐकून मोकळं होणं सोपं होतं. गल्लीतल्या निम्म्या लोकांनी तेच केलं असतं. पण टपालताईने चोवीस वर्षांत नगरपालिकेच्या नोटिसाही वाटल्या होत्या. बेकरीच्या मागे राहणाऱ्या एका सुताराने हौसेने वर खोली चढवली होती. त्याला तिने तीन पाकिटं नेऊन दिली, तिन्ही सही घेऊन. तिसऱ्या वेळी त्याने सही केली, पेन परत दिलं आणि म्हणाला, "ताई, तुमचा दोष नाही, पण तुमची सायकल दिसली की दार लावून घ्यावंसं वाटतं." महिन्याभराने त्याने स्वतःच्या हाताने ती खोली उतरवली. असं पाकीट आपल्याच पत्त्यावर आपणच आणायचं, ही कल्पना तिला सोसेना.

एक दिवस रजा टाकून ती नगरपालिकेत गेली. बांधकाम विभाग पहिल्या मजल्यावर, खिडकी क्रमांक चार. आत बसलेल्या कारकुनांचा चष्मा दोरीने गळ्यात अडकवलेला होता आणि समोर फायलींचा ढीग होता. तिची पाळी आली.

"घरामागे एक खोली बांधायची आहे. परवानगी लागते का?"

"लागते आणि लागत नाही."

"म्हणजे?"

"केवढी? किती उंच? हद्दीपासून किती लांब? वर काय, आत कोण?"

"आत सासूबाई."

कारकुनांनी चष्मा डोळ्यांवर चढवून तिच्याकडे पाहिलं. "सासूबाईंना परवानगी लागत नाही. खोलीचं बघू." आणि त्यांनी चार पानांचं एक नियमपत्रक खिडकीतून सरकवलं. "हे घेऊन जा. घरी निवांत वाचा. मग माप घेऊन या."

ती घरी गेली नाही. समोरच्या बाकावर बसली आणि पत्ता वाचतात तसं ते पत्रक तिने वाचून काढलं. पहिल्या पानावर घरमालकाला कोणालाही न विचारता काय करता येतं ते होतं: रंग, फरशी, आतली कपाटं. दुसऱ्या पानावर शेड, कुंपण, पाण्याच्या टाक्या. तिसऱ्या पानावर तिला हवं ते सापडलं. घराला जोडून मागे एकमजली खोली, दीडशे चौरस फुटांच्या आत, दहा फुटांपेक्षा उंच नाही, शेजाऱ्याच्या हद्दीपासून तीन फूट सोडून, आणि मागची निम्मी जागा तरी मोकळी राहत असेल, तर परवानगी नको. काम सुरू करण्याच्या पंधरा दिवस आधी कच्चा नकाशा जोडून कळवलं, शेजाऱ्यांना सांगितलं, की झालं. छपराचा वापर बसायला-उठायला केला तर मात्र परवानगी हवी, कारण तिथून दुसऱ्याच्या घरात दिसतं.

इथे बहुतेक लोक थांबत असावेत. चौथं पान नुसतंच बारीक अक्षरांचं होतं. त्यातल्या तळच्या कलमात लिहिलं होतं की वरच्या सगळ्या अटी पुऱ्या होत असल्या तरी जागेखालून अनेक घरांचा सामायिक ड्रेनेजचा पाइप जात असेल, तर त्याच्या दोन्ही बाजूंना चार फूट पाया खणता येणार नाही.

ती परत रांगेत उभी राहिली.

"वाचून झालंसुद्धा?" कारकून म्हणाले.

"आमच्या जागेखालून पाइप जातो का, हे कुठे कळेल?"

कारकुनांनी हातातला शिक्का खाली ठेवला. "चौथं पान वाचलंत? या वर्षातल्या तुम्ही पहिल्याच." ते उठले, मागच्या कपाटातून पिवळ्या पडलेल्या नकाशांची गुंडाळी काढली आणि बराच वेळ बोट फिरवत राहिले. शेवटी बोट थांबलं. आमच्या रांगेतल्या चार घरांच्या मागून एक तुटक रेघ जात होती. टपालताईच्या मागच्या भिंतीपासून बरोबर पंधरा फुटांवर.

मिस्त्रीचा चौकोन चौदा फुटांवर संपत होता.

घरी येऊन तिने सासूबाईंना मागच्या दारात खुर्चीवर बसवलं आणि टेपचं एक टोक त्यांच्या हातात दिलं. "आई, घट्ट धरा."

"धरलंय. बोला."

ती आकडे म्हणत होती आणि सासूबाई ते पाठीवर पुठ्ठा असलेल्या वहीत उतरवून घेत होत्या, मोठ्याने पुन्हा उच्चारून, एक्स्चेंजमध्ये घ्यायच्या तसे. मागची जागा बावीस फूट रुंद, वीस फूट लांब. मिस्त्रीची खोली एकशे चाळीस चौरस फूट, ती ठीक. पण मास्तरांच्या हद्दीला चिकटलेली, ते चूक. उंची त्याने साडेदहा सांगितली होती, तीही चूक. आणि पाइपापासून फक्त एक फूट.

"म्हणजे नाही होणार?" सासूबाईंनी विचारलं. वही मिटली नव्हती, पण पेन थांबलं होतं.

टपालताई त्या विटेच्या रेघांकडे पाहत उभी राहिली. मग बुटाने रेघा पुसल्या आणि खडूने नव्या काढल्या. "आडवी करू. भिंतीला समांतर चौदा फूट, बाहेर फक्त दहा. मास्तरांकडून तीन फूट सोडू. या बाजूला पाच फूट बोळ राहतो, जायला-यायला. पाइप पाच फूट लांब."

स्वयंपाकघराची एक खिडकी त्यात जाणार होती. ओट्यावरचा उजेड कमी होणार, हे तिला दिसत होतं. तिने एकदा खिडकीकडे पाहिलं आणि म्हणाली, "दाराला काच बसवू."

गच्चीचा विषय संध्याकाळी निघाला. नवऱ्याने पत्रकातली ती ओळ दोनदा वाचली, पान उलटून मागे काही सवलत आहे का पाहिलं, आणि म्हणाला, "तशीही आपल्याकडे चांगली खुर्ची नाहीच."

आता शेजारी. डाव्या हाताला राहतात ते बॅंडमास्तर. चाळीस वर्षं बॅंडमध्ये ट्रंपेट वाजवून निवृत्त झाले, एकटेच असतात. त्यांच्या मागच्या जागेत, कुंपणभिंतीला लागून, एक लाकडी शेड आहे. तिच्यावर वेल इतका माजला होता की शेड आहे हे माहीत असलेल्यालाच दिसायची. रोज संध्याकाळी त्या वेलाच्या आतून ट्रंपेटचा दबका आवाज यायचा, उशीत तोंड खुपसून वाजवावा तसा.

टपालताई कच्चा नकाशा घेऊन गेली. मास्तरांनी दारातच तो बघितला. "चांगलं आहे," ते म्हणाले. "आजींची सोय होईल."

"ड्रेनेज खात्याचा माणूस येईल एकदा, पाइपाची जागा बघायला. मग काम सुरू."

मास्तरांचा चेहरा उतरला. "माणूस येणार? तो तुमच्याच बाजूचं बघेल ना?"

"आता पाइप चार घरांचा आहे, मास्तर."

"हं," असं म्हणून त्यांनी दार लावून घेतलं. चहाही विचारला नाही, आणि ते कधी चहा विचारल्याशिवाय सोडत नाहीत.

त्या संध्याकाळी ट्रंपेट वाजलं नाही. दुसऱ्या दिवशी नाही, तिसऱ्या दिवशीही नाही. सकाळी दोघं समोरासमोर आले तर मास्तर पिशवीत काहीतरी शोधू लागले. टपालताईची झोप उडाली. नवरा म्हणाला, "तक्रार करणार बघ. उजेड अडेल म्हणून." सासूबाई म्हणाल्या, "ज्याला तक्रार करायची असते तो तोंड लपवत नाही. जाऊन विचार सरळ."

चौथ्या दिवशी मास्तर कुंपणाशी शिडी लावून वेलाच्या फांद्या शेडवर आणखी ओढून बांधत होते. टपालताई भिंतीच्या अलीकडे जाऊन उभी राहिली.

"मास्तर, काही चुकलं का आमचं?"

"तुमचं काय चुकायचंय?" शिडीवरून ते म्हणाले. मग हळूहळू खाली उतरले. भिंतीपलीकडे नुसतं त्यांचं डोकं दिसत होतं. "ताई, ही शेड मी पंधरा वर्षांपूर्वी उभी केली. कोणालाही न विचारता. तेव्हा एक जण म्हणाला, परवानगी नसेल तर दंड होतो, शेड तर पाडतातच. तेव्हापासून हा वेल. आत वाजवतानाही ट्रंपेटच्या तोंडाला म्यूट लावतो, आवाज दाबणारं बूच. उगाच कोणी कावून तक्रार केली, माणूस आला, तर?"

"पंधरा वर्षं हळू वाजवताय?"

"पंधरा वर्षं."

चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते असं. टपालताई आत गेली, पत्रक आणि टेप घेऊन आली आणि टेपचं टोक भिंतीवरून पलीकडे सोडलं. "मोजा."

मास्तरांनी मोजलं. आठ फूट बाय नऊ. पाया नाही, विटांवर टेकवलेली. टपालताईने पत्रकाचं दुसरं पान काढून भिंतीवर ठेवलं आणि एका ओळीवर बोट ठेवलं. पाया नसलेली लाकडी शेड, ऐंशी चौरस फुटांपर्यंत, परवानगी नको, कळवणंही नको. खाली नियम लागू झाल्याचं वर्ष होतं, शेडच्या आधीचं.

मास्तरांनी ती ओळ वाचली. मग चष्मा पुसून पुन्हा वाचली. टपालताईला वाटलं, आता ते खूश होतील. पण त्यांचं तोंड जरा पडलंच.

"म्हणजे मी कोणापासून लपत होतो?" ते म्हणाले.

"काय सांगू, मास्तर."

"बरं," पत्रक परत देत ते म्हणाले, "चहा घ्या. त्या दिवशीचा राहिलाय."

ड्रेनेज खात्याचा माणूस आला, दहा मिनिटं थांबला, शेडकडे पाहिलंही नाही. टपालताईने कळवण्याचा अर्ज भरला, आणि त्याबरोबर एक वेगळं पत्र दिलं: या कामाला परवानगी लागत नाही हे मला लेखी कळवावं. कारकून म्हणाले, "एवढं कोणी मागत नाही."

"मी रोज कागद वाटते, साहेब. तोंडी सांगितलेलं कुठल्याच दारात पोचत नाही."

ते उत्तर तीन आठवड्यांनी आलं, आणि तिच्याच थैलीत आलं. सकाळी पोस्टात टपाल लावताना हातात नगरपालिकेचं पाकीट आलं, वर तिचंच नाव. सहीचं टपाल. आजूबाजूचे सगळे गोळा झाले. "फोड की आता!" पण तिने तो पत्ता नेहमीसारखा शेवटपर्यंत वाचला आणि पाकीट आपल्या गल्लीच्या गठ्ठ्यात, नंबराच्या क्रमाने, जिथल्या तिथे ठेवलं. घर बाराव्या क्रमांकावर होतं. आधीची अकरा घरं तिने नेहमीपेक्षा चांगलीच भरभर उरकली, हे मी माझ्या खिडकीतून पाहिलं आहे.

स्वतःच्या दारावर तिने घंटा वाजवली. सासूबाई काठी टेकत आल्या.

"बोला."

"सही लागेल, आई."

सासूबाईंनी सही केली, पाकीट फोडलं, कागद डोळ्यांजवळ धरला. "सदर कामास परवानगीची आवश्यकता नाही," त्यांनी वाचलं आणि वर पाहिलं. "नको हे सांगायला तीन आठवडे?"

टपालताई उंबऱ्यावर बसली आणि थैली मांडीवर घेऊन हसत राहिली. पुढच्या घरांना त्या दिवशी टपाल थोडं उशिरा मिळालं.

काम सुरू झालं. खोली आडवी करायची म्हटल्यावर मिस्त्री आधी कुरकुरला. मग बाथरूमचं पाणी सोडायला त्याने चर खणला आणि पंधरा फुटांवर जुना मातीचा पाइप लागला, नकाशात होता तिथेच. मिस्त्री खड्ड्याच्या काठावर बसून बराच वेळ त्याकडे पाहत राहिला. आपला पहिला चौकोन त्याला आठवत असणार. शेवटी उठून म्हणाला, "मी म्हणतच होतो, आडवी बरी."

दोन महिन्यांनी सासूबाई नव्या खोलीत राहायला गेल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी टपालताई वर डबा भरायच्या गडबडीत केस विंचरत होती, आणि खालून पाणी पडल्याचा आवाज आला. तिचा हात थांबला. कोणीही हाक मारली नव्हती. कोणीही पुढे नव्हतं, कोणी मागे नव्हतं. ती तशीच ऐकत उभी राहिली, आवाज थांबेपर्यंत. खाली आली तेव्हा सासूबाई ओल्या केसांनी पलंगावर बसल्या होत्या आणि शेजारी अर्धा रिकामा तांब्या होता.

"नळ जरा घट्ट आहे," त्या म्हणाल्या. "नवऱ्याला तुझ्या सांग."

मास्तरांनी वेल छाटला आणि म्यूट काढलं. आता संध्याकाळी साडेपाचला सबंध गल्लीला ट्रंपेट ऐकू येतं. त्याबद्दल गल्लीत दोन मतं आहेत. सासूबाईंची खिडकी सगळ्यात जवळ. त्या खिडकीतून ओरडून सांगतात की मधला सूर पुन्हा चुकला, आणि मास्तर तो पुन्हा वाजवतात.

टपालताईचा मात्र व्याप वाढला. बातमी मिस्त्रीनेच पसरवली. तो आता कुठल्याही कामाला हात लावण्याआधी म्हणतो, "पत्रक वाचलंय का? टपालताईंना विचारा." लोक तिला दारात अडवतात. गाडीवर पत्रा टाकला तर? खिडकी मोठी केली तर? ती प्रत्येकाला खिडकी क्रमांक चारचा रस्ता दाखवते, पण सुट्टीच्या दिवशी टेप घेऊन जातेही.

परवा कोपऱ्यावरच्या शिक्षिकेला पुढची बाल्कनी काचेने बंद करायची होती. टपालताईने मोजलं, पत्रक चाळलं आणि म्हणाली, "याला परवानगी लागते."

"अहो, तुमच्याला नाही लागली!" शिक्षिका हिरमुसल्या.

"माझी मागे आहे. तुमची रस्त्यावर येते. अर्ज आणलाय मी, बसा."

दोघी त्याच बाल्कनीत बसून अर्ज भरू लागल्या. तिसऱ्या रकान्यात घराचा पत्ता लिहायचा होता. शिक्षिकांनी घाईघाईत घरनंबर चुकीचा लिहिला, आणि टपालताईने त्यांच्या हातातलं पेन काढून घेतलं.